पाण्याची वाट जाणणारा पुरुष : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दुष्काळाची धग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्या आपल्या बीड जिल्ह्यातील माणसापुढे पुराचा विषय काढावा, तर तो प्रथम हसेल. ज्या मुलखात मृगाचे चार थेंब पडावे म्हणून देव पाण्यात घालून बसावे लागते, तेथे पुराची चिंता कशास करावी, असे त्यास वाटणे साहजिक आहे. पाण्याची वाट पाहण्यात आपला जन्म जातो. पाण्याला वाट ठेवण्याचा विचार आपल्या मनास सहसा शिवत नाही. आणि म्हणूनच, जेव्हा पाणी येते, तेव्हा ते आपणांस गाफील गाठते.

आपल्या शहराची बिंदुसरा नदी बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, बीडचे दोन भाग करीत पुढे जाते आणि सिंदफणेस मिळते. सिंदफणा पुढे गोदावरीस मिळते. वर्षातील बहुतेक महिने ती ओढ्याहून मोठी दिसत नाही. परंतु इ. स. १९८९ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस याच नदीने रौद्र रूप धारण केले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. प्रस्तुत लेखक तेव्हा शिक्षकी पेशात नवखा होता. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका आप्तांच्या घरी गेलो असता, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची एक सरळ रेघ उमटलेली दिसली. अंगणात मुलांची भिजलेली पुस्तके उन्हात पसरून ठेवली होती. पण पाने एकमेकांस अशी चिकटली होती की, ती पुन्हा उघडणे शक्य नव्हते. पुढे त्या भिंतीस रंग दिला गेला व ती रेघ नाहीशी झाली. मला मात्र ती अद्याप दिसते.

त्या रेघेची आठवण मनात ठेवूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी मी एका थोर पुरुषाचे चरित्र निवडले आहे. ज्या संस्थानात आपला बीड जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत होता, त्या हैदराबाद संस्थानची राजधानी एकदा अशाच पुराने उद्ध्वस्त झाली होती, आणि तिला पुन्हा निर्भय करण्याची योजना या पुरुषाने आखली होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्यांचे नाव. दरवर्षी १५ सप्टेंबर या त्यांच्या जन्मदिनी आपल्या देशात अभियंता दिन पाळण्यात येतो, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु त्यांनी नेमके काय केले, हे थोड्यांनाच सांगता येते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८५७ च्या उठावानंतर अवघ्या तीनचार वर्षांत, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांचे पूर्वज आंध्रातील मोक्षगुंडम या गावचे. तेच नाव कुळास चिकटले. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृताचे व्यासंगी पंडित. घरात विद्या होती, पण धन नव्हते. त्यातच बालवयात पितृछत्र हरपले. मातोश्री वेंकटलक्ष्मम्मा यांनी धीर सोडला नाही. मुलास मामाच्या आश्रयाने बंगळूर येथे शिक्षणास ठेविले. तेथे दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून विश्वेश्वरय्यांनी आपला चरितार्थ चालविला आणि सेंट्रल कॉलेजातून इ. स. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. ज्या विद्यार्थ्यांना आज परगावी राहून, कोणाच्या तरी आधाराने शिकावे लागते, त्यांनी हा भाग अवश्य ध्यानी घ्यावा.

म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली व विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी आले. तेथील अंतिम परीक्षेत इ. स. १८८३ साली ते सबंध मुंबई इलाख्यात पहिले आले. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. अशा रीतीने या कन्नड प्रांतीच्या पुरुषाच्या कर्तृत्वाचा आरंभ आपल्या महाराष्ट्रात झाला. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली.

खानदेशातील त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम पांझरा नदीच्या परिसरात होते. पाटाचे पाणी एका ओढ्यापलीकडे नळाने न्यावयाचे होते. ऋतू पावसाळ्याचा, पुरामुळे कामात पुनःपुन्हा अडथळा येई. तरीही हाती घेतलेले काम त्या तरुण अभियंत्याने तडीस नेले. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा पावसाळ्यात काय करू शकतो, याचा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षांत मिळाला, असे म्हणता येईल. पुढे सिंध प्रांतातील सक्कर शहरास सिंधू नदीचे गढूळ पाणी स्वच्छ करून पुरविण्याची योजना त्यांनी सिद्धीस नेली, आणि एडन येथील पाणीपुरवठा व मैलापाण्याच्या निचऱ्याचा प्रश्नही त्यांनी अभ्यासिला.

परंतु त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते पुण्याजवळील खडकवासला धरणामुळे. त्या धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्यास व शेतीस पाणी अपुरे पडे. धरणाची भिंत उंच करावी, तर खर्च मोठा व जुन्या बांधकामास धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविण्याची युक्ती काढली. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो दरवाजे बंद राहतात व साठा वाढतो. पातळी त्याहून वर जाताच पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडतात व पुराचे पाणी निघून जाते. पातळी उतरली की पुन्हा बंद होतात. इ. स. १९०३ मध्ये हे दरवाजे बसविण्यात आले, आणि पुढे ग्वाल्हेर व म्हैसूर येथील धरणांवरही त्यांचा उपयोग झाला. पाणी साठविणे आणि पाण्यास वेळीच वाट देणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या एका कृतीतून त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज येथेच आहे.

इ. स. १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी स्वेच्छेने सोडली व ते परदेशाच्या प्रवासास निघाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हैदराबादवर महासंकट कोसळले. मुसी नदी त्या शहराच्या मधोमध वाहते. एरवी तिचे पात्र उथळ. लोक पायी उतरून जात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नदीच्या वरच्या अंगास असा पाऊस झाला की, शमशाबाद येथे २४ तासांत १२ इंचांहून अधिक पाणी पडले. दिनांक २८ सप्टेंबर रोजी मुसीला महापूर आला. शहरातील मोठे पूल वाहून गेले. कुतुबशाहीच्या काळी बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. नदीकाठचे मोहल्लेच्या मोहल्ले नाहीसे झाले. सुमारे १५,००० माणसे प्राणास मुकली व हजारो कुटुंबे निराश्रित झाली, असा अंदाज करण्यात आला. नदीकाठच्या अफझलगंज भागातील एका मोठ्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी आपले प्राण वाचविले. ते झाड पुढे कितीतरी वर्षे लोक आदराने दाखवीत असत.

तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. त्यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांस परदेश प्रवासात असतानाच पाचारण केले, आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेस येऊन दाखल झाले. शहराची पुनर्रचना, पुरापासून संरक्षण आणि सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना, अशी तिहेरी कामगिरी त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

आता येथे वाचकांनी थोडे थांबावे. विश्वेश्वरय्यांच्या थोरवीचे मर्म त्यांच्या काम करण्याच्या रीतीत आहे. पूर शहरात आला होता. सामान्य माणसाने शहरातच उपाय शोधला असता, काठावर भिंती बांधल्या असत्या. विश्वेश्वरय्यांनी नदीची चौकशी वरून आरंभिली. शहराच्या वर किती प्रदेशाचे पाणी मुसीत उतरते, हे त्यांनी काढले. ते क्षेत्र ८६२ चौरस मैल भरले. त्या क्षेत्रात लहानमोठी ७८८ तळी होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. अतिवृष्टीत त्यांतील दोनशेहून अधिक तळी फुटली होती. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी खालच्या तळ्यावर आदळे व तेही फुटे. अशा रीतीने पावसाच्या पाण्यात तळ्यांच्या पाण्याची भर पडत गेली. पावसाची नोंद, पुलांच्या कमानींतून किती पाणी जाऊ शकते याचा हिशेब, भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा, या सर्वांची त्यांनी सांगड घातली, आणि ऐन पुराच्या वेळी नदीतून दर सेकंदास सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहिले असावे, असे अनुमान काढले. एवढे पाणी शहरातील पात्रात मावणे कदापि शक्य नव्हते. म्हणजे केवळ काठ उंच करून शहर वाचणार नव्हते.

या अभ्यासातून त्यांची योजना जन्मास आली व ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी ती सरकारास सादर केली. तिची दोन अंगे होती. पहिले अंग शहराबाहेरचे. मुसी व तिला मिळणारी ईसी, या दोन्ही नद्यांवर शहरापासून काही मैल वर दोन मोठे जलाशय बांधावेत; पुराचा लोंढा आला की तो प्रथम या जलाशयांत मुरावा आणि शहरास झेपेल तेवढेच पाणी खाली सोडले जावे, असा त्यातील हेतू होता. हे जलाशय नेहमी काठोकाठ भरून ठेवावयाचे नव्हते. पुरासाठी त्यांत जागा राखावयाची होती. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतता येत नाही, हे आपल्या घरातील आयाबहिणींस वेगळे सांगावयास नको.

दुसरे अंग शहरातील. नदीचे पात्र मोकळे करावे, काठ नीट बांधून काढावेत, आणि काठावर पुन्हा दाट वस्ती होऊ न देता तेथे रस्ते व बागा कराव्यात, असे त्यांनी सुचविले. बागेत पाणी शिरले तर झाडे भिजतात. घरात शिरले तर माणसे मरतात. याखेरीज शहरातील सांडपाणी व मैला उघड्या नाल्यांतून नदीत न सोडता भुयारी गटारांनी शहराबाहेर न्यावा व शेतीच्या कामी लावावा, असाही त्यांचा आग्रह होता. पुराचे पाणी व गटाराचे पाणी यांची वाट एक झाली, तर पुरामागून रोगराई येते, हे त्यांनी ओळखले होते.

योजना कागदावर राहिली नाही, हे हैदराबादकरांचे भाग्य. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत इ. स. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरील उस्मानसागर इ. स. १९२० मध्ये व ईसीवरील हिमायतसागर इ. स. १९२७ मध्ये पूर्ण झाला. त्यांनी पुराचा जोर तर मोडलाच, शिवाय पुढे अनेक दशके शहरास पिण्याचे पाणी पुरविले. एका खर्चात दोन कामे साधली गेली.

हैदराबादचे काम आटोपून विश्वेश्वरय्या आपल्या जन्मभूमीस, म्हैसूर संस्थानात, मुख्य अभियंता म्हणून गेले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचा प्रारंभ त्यांच्याच देखरेखीखाली इ. स. १९११ मध्ये झाला. इ. स. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, कारखाने यांचा पाया त्या वर्षांत घातला गेला. इ. स. १९३७ च्या सुमारास ओरिसातील महापुरांचा प्रश्न निघाला, तेव्हा महात्मा गांधींच्या विनंतीवरून या वयोवृद्ध गृहस्थाने तेथील नद्यांचा अभ्यास करून अहवाल दिला. नव्वदी ओलांडल्यावरही गंगेवरील मोकामा पुलाची जागा ठरविणाऱ्या समितीचे काम त्यांनी पाहिले. इ. स. १९५५ मध्ये राष्ट्राने त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण केली. शंभर वर्षांचे निर्मळ, नियमबद्ध आयुष्य जगून एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांनी देह ठेविला.

असे हे चरित्र. तथापि चरित्र वाचून हात जोडणे सोपे असते. त्यातून बोध घेणे कठीण. खुद्द हैदराबादचेच पाहा. विश्वेश्वरय्यांच्या योजनेचे पहिले अंग लोकांनी उचलले व जपले. दुसऱ्या अंगाचा हळूहळू विसर पडत गेला. शहर वाढले, जुनी तळी बुजविली गेली, नाल्यांवर घरे उभी राहिली. इ. स. २००० च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा इ. स. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागा शोधीत घराघरांत शिरले. वरची धरणे जागेवर होती. पण शहरात पडणाऱ्या पावसाला ती काय करणार? त्यासाठी शहरातील ओढेनालेच मोकळे असावे लागतात.

आपल्या बीडचीही गोष्ट याहून निराळी नाही. येथे पाण्याचे शहाणपण पूर्वी नव्हते असे नव्हे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, ज्यांनी खजाना बावडी बांधून तिचे पाणी भुयारी मार्गाने शेतांस नेले, ते याच भूमीत वावरले. बिंदुसरेवर पालीजवळ तलावही झाला. परंतु तलावाच्या खाली पडणारा पाऊस तलाव अडवू शकत नाही, आणि भरलेला तलाव वरचा लोंढाही फारसा अडवू शकत नाही. नदीचे पात्र व तिला मिळणारे ओढे मोकळे ठेवणे हे काम शेवटी शहरवासीयांकडेच उरते. इ. स. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने दुष्काळी म्हणविणाऱ्या आपल्या जिल्ह्यालाही हे पुन्हा एकदा सांगितले आहे.

आता जे सांगण्यासाठी मी ही लेखणी उचलली, ते सांगतो. यंदा आपल्या संघाने समाजातील मुलांसाठी वसतिगृह बांधण्याचे मनावर घेतले आहे, ही परम आनंदाची गोष्ट होय. पाहिलेल्या जागांपैकी एक जागा ओढ्याला लागून आहे. भाव कमी आहे, रस्ता जवळ आहे, आणि ओढा काय, आठ महिने कोरडाच असतो, असे सभेत बोलले गेले. त्या सभेत मी गप्प राहिलो, कारण मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. मला स्थापत्यशास्त्र ते काय कळणार, असा संकोच वाटला. घरी आल्यावर मात्र ती भिंतीवरची रेघ डोळ्यांपुढून हलेना.

कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे की, व्यवहार पुरा करण्यापूर्वी विश्वेश्वरय्यांच्या रीतीने चार गोष्टींची चौकशी करावी. या ओढ्यास वरून कोणकोणत्या माळांचे व वस्त्यांचे पाणी येऊन मिळते? खाली रस्त्याखालच्या नळकांड्यांतून किती पाणी जाऊ शकते आणि त्यांत गाळ किती साचला आहे? १९८९ साली तेथे पाणी कोठवर चढले होते, हे त्या भागातील म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारले आहे काय? आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भराव घालून व जोते चार फूट उंच करून आपण आपली इमारत कदाचित वाचवू. पण मग ते पाणी जाईल कोठे? ते ओढ्याच्या पलीकडील गरिबांच्या घरांत जाईल. ती घरे आपल्या समाजाची नाहीत, म्हणून ती आपली नव्हेत, असे म्हणणे आपल्या संस्थेस शोभणार नाही. विश्वेश्वरय्यांनी ज्या शहरासाठी एवढी गणिते मांडली, तेथे त्यांचे ना घर होते, ना गणगोत.

चौकशीअंती जागा निर्धोक ठरली, तर माझ्याइतका आनंद कोणासही होणार नाही. पहिल्या विटेसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती वर्गणी मी देईन. ती धोक्याची ठरली, तर चार पैसे अधिक मोजून उंचावरची जागा घ्यावी. आणि जागा कोणतीही घेतली, तरी दरसाल मृग लागण्यापूर्वी आपल्या घराजवळच्या ओढ्यानाल्यांत राडारोडा व केरकचरा पडलेला नाही ना, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. वसतिगृहात राहावयास येणारी मुले ही खेड्यापाड्यांतून, आईबापांनी आपल्या भरवशावर पाठविलेली असतील. त्यांची पुस्तके उन्हात वाळत घालण्याची वेळ आपणांवर न येवो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.